दहाच्या आत

३ डिसेंबर
बारावी 'ब'ची जर्नलं तपासली. अडतीसपैकी एकवीस जणांचं उत्तर दशांशापर्यंत सारखं. एकानं काढलं, वीस जणांनी उतरवलं. 'प्रयोग परत करा' लिहीत बसले होते तेवढ्यात भावजयीचा, मंगलचा फोन. दत्ताच्या पोटातलं पाणी परत काढलं, महिन्यात दुसऱ्यांदा. पुण्याच्या डॉक्टरांनी आता सरळ सांगितलंय की औषधावर फार दिवस निघणार नाहीत, लिव्हर बदलावं लागेल. घरातलं कुणी देणारं असेल तर बघा.

मंगलचा रक्तगट जुळत नाही. त्यांची पोरगी नववीत. आई-वडील जाऊन वर्षं झाली. राहिले मी. एकुलती बहीण, गट तोच.

मंगल मागत नव्हती. नुसतं सांगत होती. मीच म्हणाले, "मी देते की." डबा पाठवते म्हणावं तसं.

फोन ठेवल्यावर उरलेली जर्नलं तपासली. सगळी.

४ डिसेंबर
सकाळी चहाच्या वेळी प्र.ना सांगितलं. पेपरची घडी घातली, परत उघडली. म्हणाले, "आधी मला विचारायचं होतंस." बरोबर आहे. नवऱ्याचीही सही लागते म्हणे फॉर्मवर. ते म्हणाले, बघू. त्यांचं 'बघू' म्हणजे काय ते एकवीस वर्षांत कळलंय.

लेकीला, ईशाला, अजून नाही सांगितलं. फेब्रुवारीत तिची बारावी.

९ डिसेंबर
रक्ताचे रिपोर्ट चांगले. साखर नाही, कावीळ नाही. सोनोग्राफीत मात्र फॅटी लिव्हर, ग्रेड वन. वजन ७१. डॉक्टर म्हणाले, या वयात निम्म्या लोकांचं असंच दिसतं, घाबरू नका. मी घाबरले नव्हते. आश्चर्य वाटलं. माझ्या पोटात हे चाललंय आणि मला पत्ता नाही.

ग्रेड म्हणजे नजरेचा अंदाज. पडद्यावर लिव्हर किती पांढुरकं दिसतं त्यावरून. दुसऱ्या डॉक्टरला तेच ग्रेड टू वाटू शकतं, हे ते स्वतःच म्हणाले. पुण्याला अंदाज चालत नाही, आकडा लागतो. लिव्हरमध्ये चरबी किती टक्के. त्यासाठी एमआरआय. त्यांची रेघ दहावर आहे. दहाच्या आत असेल तर पुढची बोलणी.

दत्ताचंही हेच होतं म्हणे. आधी नुसती चरबी, मग सूज, मग गाठीगाठीचं लिव्हर. पंधरा-वीस वर्षं आत चाललेलं. त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नाही आणि गावात एकाचाही विश्वास नाही. दूधसंस्थेत चारचौघांत एकानं विचारलं, "कवापास्नं घेत व्हतास रं?" हा म्हणाला, "दूध? ल्हानपणापास्नं."

संस्थेत फॅट लावायचं काम त्याचंच. वीस वर्षं. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या म्हशीचं दूध मशीनला लावायचं, आकडा सांगायचा आणि शिव्या खायच्या. ऑक्टोबरपासून दुसरा माणूस बसवलाय.

१२ डिसेंबर
एमआरआय झालं. शाहूपुरीत. चार तास उपाशी. मंगळसूत्र, बांगड्या, केसातला चाप, सगळं एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. तिथली तंत्रज्ञ शबाना, तिशीतली, शांत बोलणारी. पोटावर एक जड चौकोनी पट्टा बांधला. म्हणाली, मी माइकवरून सांगेन तसं करायचं, श्वास घ्या म्हटलं की घ्यायचा, धरा म्हटलं की धरायचा, सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नाही.

आत अरुंद. ठोकल्यासारखे आवाज. पहिले दोन श्वास नीट धरले. मग तिचा आवाज आला, "आता मुख्य आहे मॅडम, वीस सेकंद."

घेतला. धरला. मोजत होते. दहा, अकरा, बारा. वीसपर्यंत जमलं असतं. जिना चढून तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबला रोज जाते, दम लागत नाही. बाराला मनात आलं की हे नीट झालं की पुढचं सगळं होणार. पोट इथून इथपर्यंत कापणार. तेराला श्वास सोडला. सुटला असं लिहिणार होते.

ती म्हणाली, थोडं हललंय, परत घेऊया का? मी म्हटलं, नको, छातीत कसंतरी होतंय. खोटं. छातीत काही होत नव्हतं.

ती म्हणाली, ठीक आहे, निघेल यातून.

बाहेर येऊन बांगड्या घातल्या. केसातला चाप तिथंच राहिला.

१३ डिसेंबर
रिपोर्ट आला. १३.४ टक्के. खाली एक ओळ, 'श्वासाच्या हालचालीमुळे प्रतिमा काही अंशी अस्पष्ट'.

पुण्याला फोन केला. तिथल्या समन्वयक बाई म्हणाल्या, तेरा नाही चालणार. वजन पाच-सहा किलो उतरवा, आठ आठवड्यांनी परत मोजा. दरम्यान दुसरं कुणी आहे का तेही बघायला सांगा. दुसरं कुणी नाही हे त्यांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे.

पायऱ्या उतरून समोरच्या गाड्यावर चहा घेतला. खारी खाल्ली, दोन. ऊन छान होतं. हे लिहायला नको, पण ही वही माझीच आहे. मला हलकं वाटलं.

प्र.नाही वाटलं असावं. रात्रीची भाजी त्यांनी चिरली.

दत्ताला फोन केला. आकडा सांगितला. हसला. म्हणाला, "तेरा? आक्का, म्हशीला बी एवढी लागत न्हाय."

मग म्हणाला, "असू दे. मशीनच न्हाय म्हणतंय तर आपण काय करणार."

१६ डिसेंबर
लॅबमध्ये एका मुलीनं सात वाचनं घेतली आणि जर्नलमध्ये पाचच लिहिली. दोन का गाळलीस? "मॅडम, ती चुकीची आली." चुकीची म्हणजे? "म्हणजे बाकीच्यांशी जुळत नव्हती."

तिला उभं करून सगळ्या बॅचला ऐकवलं. जुळत नाही म्हणून वाचन गाळता येत नाही. का जुळत नाही ते आधी शोधायचं. उपकरणात दोष आहे का, वाचणाऱ्याचं चुकलं का. वाचणाऱ्याचं चुकलं असेल तर तसं लिहायचं आणि परत घ्यायचं. सगळं तोंडपाठ आहे मला, अठरा वर्षं हेच सांगतेय.

मुलगी रडवेली झाली. जरा जास्तच बोलले. डबा तसाच परत आणला.

१८ डिसेंबर
कॉलेज सुटल्यावर शाहूपुरीला गेले. चाप विसरलाय हे निमित्त. शबानानं तो जपून ठेवला होता, पाकिटात घालून, वर माझं नाव.

विचारलं, श्वास हलला तर आकडा किती बदलतो? तिनं बसायला खुर्ची दिली. दुपारी गर्दी नव्हती.

तिच्या भाषेत असं. लिव्हरमध्ये पाणी असतं आणि चरबी असते. दोन्हीत हायड्रोजन, पण चरबीतला जरा खालच्या सुरात बोलतो. मशीन थोड्या थोड्या वेळानं सहादा ऐकतं आणि दोन्ही सूर वेगळे करतं. मग चरबी किती भाग, ते टक्क्यांत. हे सगळं एका श्वासात. एरवी भरवशाचं काम आहे. तोच माणूस खाली उतरवून परत आत घातला तर एखाद्या टक्क्याच्या पुढं-मागं येत नाही. पण पोट हललं की कडा पुसट होतात, बाजूचं मिसळतं.

मी म्हटलं, सरासरी नको, मूळ वाचनं दाखव. तिला गंमत वाटली, पेशंट असं मागत नाहीत. पडद्यावर लिव्हरचं चित्र आणि त्यावर नऊ छोटी वर्तुळं. प्रत्येकात आकडा. उतरवून घेतले:

११.२, ११.६, ११.९, १२.१, १२.४, १२.८, १३.०, १७.२, १८.४

शेवटची दोन अगदी वरच्या टोकाची, छातीच्या पडद्याला लागून. श्वासाबरोबर सगळ्यात जास्त तेच हलतं. शबाना म्हणाली, ही दोन मलाही खटकली होती, म्हणूनच रिपोर्टात ती ओळ घालायला सांगितलं.

घरी येऊन ती दोन गाळून सरासरी काढली. १२.१. म्हणजे तरीही दहाच्या वर. तरीही नाहीच म्हणाले असते.

याचा आनंद व्हायला हवा. पण उरलेल्या सात वर्तुळांत किती हललं हे कुणाला माहीत? शबानाला विचारलं होतं. "ते नाही सांगता येत मॅडम. परत घेतलं असतं तर कळलं असतं."

तिनं त्यात काही सुचवलं नव्हतं.

२३ डिसेंबर
रोज सकाळी रंकाळ्याला चालते. पाऊण तास, मग एक तास. वजन ७०.१. भात बंद, साखर बंद, रविवारचा रस्साही बंद. प्र. म्हणाले, "कशाला एवढं? दुसरं कुणीतरी मिळेल." कोण मिळेल ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मंगलनं संस्थेच्या गाडीतून काकवी पाठवली, गुऱ्हाळं सुरू झालीत. डबा ईशाकडं दिला.

ईशाला आज सगळं सांगितलं. तिनं इंटरनेटवर बघितलं आणि मला माहिती दिली की लिव्हर परत वाढतं. मग खोलीत गेली. दार लावून घेतलं नाही, नुसतं लोटलं.

५ जानेवारी
६८.९. जुनी सलवार सैल झाली.

दत्ताचा आवाज फोनवर जड येतो. वाक्य सुरू करतो आणि थांबतो. मंगल मागून पूर्ण करते.

११ जानेवारी
सुट्टी. एकटीच एसटीनं गेले. गारगोटीला उतरून पुढं वडापची जीप. दत्ता गोठ्यासमोर खुर्ची टाकून बसला होता, अंगावर शाल, डोळे पिवळे. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढं. चार म्हशींतल्या दोन विकल्या. धार मंगल काढते.

मंगल आत चहा टाकायला गेली तेव्हा सांगून टाकलं. ठरवून गेले होते तरी वाक्यं भलत्याच क्रमानं आली. श्वास धरता येत होता. सोडला. परत घेऊ का विचारलं, तर नको म्हटलं. आकडा त्यामुळं वाढला की आधीच तेवढा होता ते आता कळायचा मार्ग नाही.

तो बराच वेळ गोठ्याकडं बघत राहिला. मला वाटलं समजलंच नाही. मग म्हणाला, "संस्थेत भांडाय येणारा कवा म्हणत न्हाय माझं चुकलं. दूध न हलवता वरचं वरचं घालतो, आन् म्हणतो मशीन खराब हाय."

मी त्याच्या शालीचं घसरलेलं टोक वर घेतलं.

"ह्येच सांगाय एवढ्या लांब आलीस व्हय?"

व्हय म्हटलं.

"मग माझं बी ऐक. नको दिऊस. तुझी पोरगी हाय, दाजी न्हाय म्हणत असतील. मी रागानं म्हणत न्हाय आक्का. खरंच म्हणतो."

मंगल चहा घेऊन आली. त्याच्यासाठी बिनसाखरेचा, माझ्यासाठीही. मंगलनं विचारलं, काय बोलणं चाललंय? दत्ता म्हणाला, "फॅटचं."

परतताना मुदाळ तिट्ट्यापर्यंत सुटल्यासारखं वाटत होतं. त्यानंच नको म्हटलं. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं एसटी अडकली. तासभर. तिथं ते वाटणं गेलं.

१३ जानेवारी
नको म्हणणारा माणूस आजारी आहे. त्याचं नको किती धरायचं?

६८.२.

१९ जानेवारी
दत्ताला कोल्हापुरात ॲडमिट केलं. सकाळी उठून संस्थेत जाऊन बसला आणि येईल त्याला आकडे सांगायला लागला. सहा पाच, सात दोन, सहा आठ. मशीन बंद. लोकांना आधी चेष्टा वाटली. मग त्याला गाडीत घालून आणलं. लिव्हर साफ करत नाही ते रक्तातून डोक्यात चढतं. गोड पातळ औषध देतायत, पोट साफ झालं की डोकं साफ होतं.

संध्याकाळी ओळखलं मला. नाव घेतलं, मग विचारलं, "प्रॅक्टिकल झाली का पोरांची?" अजून नाही म्हटलं.

मंगलनं कॉरिडॉरमध्ये विचारलं, "वन्सं, परत कवा मोजायचं हाय?" पहिल्यांदाच तिनं विचारलं. तारीख सांगितली. तिनं बोटांवर दिवस मोजले.

२२ जानेवारी
घरी सोडलं त्याला. ठीक आहे. 'ठीक' म्हणजे डॉक्टरांनी करायला लावलेल्या सहीची अक्षरं ओळीत आली.

प्र.शी बोलणं झालं. बोलणं म्हणजे मी बोलले. त्यांना सांगितलं की १२ डिसेंबरला मी मशीनमध्ये काय केलं. ते म्हणाले, "मग बरंच झालं की." मी म्हटलं, मला नाही झालं बरं. ते उठून गॅलरीत गेले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते, कदाचित एवढं खरं बोलले नसते.

३० जानेवारी
६६.७. गुडघा दुखतो म्हणून दोन दिवस चालणं बंद.

लॅबमधल्या तराजूत शून्याचा दोष निघाला. भार नसताना काटा अर्धं घर पुढं. किती दिवस असा आहे कोण जाणे. या वर्षीची सगळी वाचनं तेवढी चुकीची. चिठ्ठी लावून ठेवली, प्रॅक्टिकल परीक्षेला तो द्यायचा नाही.

९ फेब्रुवारी
दुसरं एमआरआय. वजन ६५.४. शबानाच होती. तिला आधीच सांगितलं, या वेळी हललं तर परत घ्यायचं, मी नको म्हटलं तरी. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि बरं म्हणाली.

वीस सेकंद धरला. मोजला नाही. तिचा आवाज येईपर्यंत नुसती पडून राहिले. मग विनंती केली की मला खाली उतरव आणि परत घाल. बाहेर दोनच पेशंट होते. तिनं केलं. उतरले, दोन पावलं चालले, परत झोपले, परत पट्टा, परत वीस सेकंद.

पहिल्यांदा ९.१. दुसऱ्यांदा ९.६. नऊ वर्तुळं दोन्ही वेळा. एकही आकडा बाकीच्यांपासून फटकून नाही.

शबाना म्हणाली, "आता रेघेच्या आत आहात तुम्ही." मग हळूच, "भावाला ना?"

हो.

"मागच्या वेळी मी परत घ्यायलाच हवं होतं," ती म्हणाली. तिला सांगायला हवं होतं की तिचा काही दोष नाही. मी नुसतं चाप केसात लावला का ते बघत बसले. रस्त्यावर आल्यावर परत वर गेले आणि सांगितलं. पूर्ण नाही. एवढंच, की मागच्या वेळी मला धरता आला असता. ती म्हणाली, "माहीत होतं मॅडम. छातीत होणारी माणसं पट्टा आधी काढायला लावतात."

१० फेब्रुवारी
दत्ताला ९.१ आणि ९.६ दोन्ही सांगितले. म्हणाला, "आता म्हशीगत फॅट लागली." मंगल फोनवर रडली.

प्र.नी फॉर्मवर सही केली. मी विचारलं नव्हतं. टेबलावर फॉर्म होता, संध्याकाळी त्यावर सही होती. पेन टोपण लावून शेजारी.

१६ फेब्रुवारी
पुणे. दत्ता, मंगल, मी. प्र. ईशाजवळ राहिले, परवापासून तिची परीक्षा. निघताना तिनं मला हॉल तिकीट दाखवलं, जणू मी बघितलं नव्हतं.

इथं त्यांनी परत मोजलं. त्यांच्या मशीनवर, त्यांच्या पद्धतीनं. म्हणाले, बाहेरच्या आकड्यावर आम्ही कापत नाही. बरोबर आहे, मीही नसतं केलं.

१०.८.

डॉक्टरांना कोल्हापूरचे दोन्ही रिपोर्ट दाखवले. आठवड्यात वजन वाढलं का? नाही, पाऊण किलो अजून उतरलंय. मग कोणतं खरं? ते म्हणाले, "दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मशीन वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं. एवढा फरक धरूनच चालतो आम्ही." मी म्हटलं, फरक धरून चालता, मग रेघ दहावर कशी? त्यांना राग आला नाही. म्हणाले, "कुठंतरी ओढायला लागते."

सुई घालून लिव्हरचा तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हा एक मार्ग उरतो. त्यातही तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. एवढ्याशा तुकड्यावरून सगळ्याचा निकाल, हेही त्यांनीच सांगितलं.

१७ फेब्रुवारी
समन्वयक बाईंनी एकटीला आत बोलावलं. मंगल उठायला लागली, तिला बसा म्हणाल्या. दार लावलं. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, बोलणं सावकाश.

म्हणाल्या, हे आम्ही प्रत्येक देणाऱ्याला विचारतो. कुणाच्या दबावाखाली आहात का? मनात नसेल तर आत्ता सांगा. बाहेर कुणाला काही कळणार नाही. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की रिपोर्ट बसत नाही.

मी विचारलं, असं किती जणांना सांगता?

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ते मी सांगणार नाही. उद्यापर्यंत विचार करा.

१०.८ त्यांच्या हातात आहे. दहाच्या वर. खोटं बोलायचीही गरज नाही. कुणी विचारणार नाही, मीही नाही. डिसेंबरात हे मी चोरून मिळवलं होतं, इथं ते टेबलावर ठेवून देतायत, नीट, सभ्यपणे.

दुपारी लॉजवर दत्ता झोपला होता. झोपेत पोट वर-खाली होत होतं. मी खिडकीशी बसले. खाली एक बाई पेरू विकत होती, गिऱ्हाईक नसताना ते परत परत रचत होती. तासभर बघितलं. कुठल्याच बाजूनं काही ठरलं नाही. भीती गेली नाही. जाईल असं समजून मी थांबले होते, ते चुकलं. वजनाबरोबर ती उतरत नाही.

१८ फेब्रुवारी
ईशाचा पेपर आज नाही, पहिला २० ला. माझ्याच डोक्यात तारीख चुकली होती. सकाळी फोनवर तिनं सांगितलं, "आई, तू तारखा पण विसरायला लागलीस."

दहाला समन्वयक बाईंकडं गेले. म्हटलं, सुई घ्या. जो निकाल येईल तो मला सांगा आणि बाहेरही तोच सांगा. दोन्हीकडं एकच.

"चांगला आला तर?"

"तर देते."

त्यांनी लिहून घेतलं. माझ्या म्हणण्यातलं 'तर' त्यांनी लिहिलं का ते दिसलं नाही.

बाहेर मंगलनं विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, उद्या सुई आहे. तिनं कपाळाला हात लावला आणि तसाच खाली आणला, देवाला करतात तसा नाही, घाम पुसतात तसा.

१९ फेब्रुवारी
बायोप्सी झाली. जागा बधिर केली, तरी आत ठोसा बसल्यासारखं. खट्ट असा आवाज, संपलं. डॉक्टरांनी बाटलीतला तुकडा दाखवला. पांढरट दोऱ्याचा तुकडा म्हणावा तसा. मग दोन तास उजव्या कुशीवर पडून राहायचं. हे आता संध्याकाळी बसून लिहितेय.

दत्ताला सकाळपासून ताप. शंभरच्या थोडा वर. पोटातल्या पाण्यात संसर्ग झालाय का बघतायत. असेल तर आधी तो बरा व्हायला हवा, माझं काही का येईना. त्याला वरच्या मजल्यावर ठेवलंय. मंगल तिथून खाली, खालून वर, दिवसभर.

दुपारी आली ती माझ्या उशाशी उभी राहिली. मी कुशीवर, मला तिची साडी आणि हातातली पिशवीच दिसत होती. म्हणाली, ते झोपलेत, सलाईन लावलंय. मग पिशवीची सळसळ थांबली. मला वाटलं गेली.

"वन्सं, भ्या वाटतंय न्हवं?"

गेल्या अडीच महिन्यांत डॉक्टरांनी वजन विचारलं, बाईंनी दबाव विचारला, प्र.नी 'कशाला एवढं' विचारलं.

"वाटतंय," म्हटलं. "पहिल्या दिवसापास्नं."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "फोनवर तुम्ही देतो म्हटल्यासा तवाच कळलं. लई लवकर म्हटल्यासा."

मग स्टूल ओढलं. "वर नर्स हाय. मी बसतो हितं थोडा वेळ." पिशवीतून संत्रं काढलं, सोलत बसली. एक एक फोड शिरा काढून माझ्या हातात देत होती. दोघींनी मिळून एक संत्रं संपवायला अर्धा तास लावला. वरून कुणी बोलवायला आलं नाही.

आत्ता दत्ताचा ताप ९९. उतरतोय की औषधानं दबलाय ते उद्या कळेल. तुकड्याचा रिपोर्ट उद्या दुपारी चारनंतर. ईशाचा पेपर दोनला सुटतो. आधी तिचा फोन येईल.